मुळा-मुठाची खरूज

दीनानाथ परचुरे आणि त्यांची सून नीरजा विश्रांतवाडीच्या एकाच फ्लॅटमध्ये राहायची, पण गौरीजेवणाच्या दिवसापासून दोघांचं बोलणं फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर व्हायचं. ग्रुपचं नाव होतं ‘घर’. त्यात तिसरा माणूस म्हणजे पुष्कर, दीनानाथांचा मुलगा. तो कंपनीच्या कामासाठी सहा महिने जर्मनीत होता. दीनानाथ आपल्या खोलीत बसून लिहायचे, ‘गॅस संपत आला आहे. कळावे.’ स्वयंपाकघरात नीरजाचा फोन वाजायचा. ‘नंबर लावला आहे,’ असं तिकडून उत्तर यायचं. मध्ये भिंत होती ती सहा इंचांची. पुष्कर तिकडून दोघांनाही जोडलेल्या हातांची चित्रं पाठवायचा आणि कामाला लागायचा.

भांडणाचं मूळ हॉलच्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात होतं. नीरजा घरूनच जर्मन भाषेचे वर्ग घ्यायची, ऑनलाइन. दिवसभर स्क्रीनसमोर बसून जीव आंबतो म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं एक गिनीपिग आणली होती. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळ असलेली, फ्रिजचं दार उघडलं की शिट्टी मारल्यासारखी ओरडणारी. तिचं नाव मुळा. ऑगस्टमध्ये खराडीतली कोणी एक बाई शहर सोडून निघाली आणि तिची गिनीपिग नीरजानं पदरात घेतली. मुळाच्या जोडीला आली म्हणून ही मुठा. पुण्याच्या दोन्ही नद्या एका पिंजऱ्यात, असं ती वर्गातल्या पोरांना हसत सांगायची.

मुठा घरात आली त्याच दिवशी दीनानाथ म्हणाले होते, “ही नवीन आहे. तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेव. मग एकत्र कर.”

“बाबा, हे घर आहे,” नीरजा म्हणाली होती. “तुमची लॅब नाही.”

लॅब म्हणजे शहराबाहेरची लसी आणि औषधं बनवणारी एक संस्था. तिथल्या प्राणिगृहात दीनानाथांनी एकतीस वर्षं काढली, शेवटची बारा पर्यवेक्षक म्हणून. तीनशे-चारशे गिनीपिग एका वेळी हाताखाली असायचे. त्यांचा खुराक, पिंजरे, वजनं, आजारपणं सगळं दीनानाथ बघायचे. औषधाची चाचणी झाली की त्यांना संपवायचं कामही तेच बघायचे. ते काम कोणीतरी करायचंच होतं आणि दीनानाथ ते नीट करायचे, जनावराला कळायच्या आत. घरी मात्र त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. त्यांची बायको कौशल्या, तिला जाऊन आता सहा वर्षं झाली होती, तिनंही कधी विचारलं नव्हतं. बाहेरच्या मोरीत त्यांच्यासाठी साबण आणि धुतलेले कपडे ठेवायची, एवढंच. आंघोळ केल्याशिवाय ते उंबरा ओलांडायचे नाहीत.

गौरीजेवणाला अकरा माणसं होती. पंगत बसली तेव्हा एका पाहुण्यानं पिंजऱ्याकडे बोट करून विचारलं, हे काय पाळलंय? दीनानाथांना चार लोकांत कोटी करायची जुनी खोड. ते म्हणाले, “लग्नाला नऊ वर्षं झाली. आम्ही नातवंडं मागितली, तर सूनबाईंनी उंदीर आणले.”

दोघं-तिघं हसले. नीरजा तूप वाढत होती. तिनं तुपाचं भांडं खाली ठेवलं.

“हसा, हसा,” ती म्हणाली. “माझ्या हातातले निदान जगतात तरी. बाबांच्या हाताखालून एकतीस वर्षांत एकही जिवंत बाहेर पडला नाही. आमच्या घरात खाटीक आहेत, पेन्शनवरचे.”

कोणी हसलं नाही. दीनानाथ भरल्या ताटावरून उठले. त्या संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा संदेश पडला: ‘आपल्या प्राण्यांविषयी यापुढे माझ्याकडून कोणतीही सूचना येणार नाही. दीनानाथ परचुरे.’ नऊ वर्षं ते सुनेला तू म्हणत होते. त्या दिवसापासून आपण म्हणू लागले, आणि त्या आपणला ब्लेडसारखी धार होती.

पितृपक्ष संपता संपता मुठा खाजवायला लागली.

पहिल्यांदा दीनानाथांना ते ऐकू आलं, दिसलं नंतर. दुपारी पेपर वाचत होते. पिंजऱ्याच्या तळाशी मागचा पाय आपटल्याचा आवाज, भराभर, टपटपटप, मग क्षणभर थांबून परत. तो आवाज त्यांनी एवढ्या वेळा ऐकला होता की पेपरमधून मान वर न करताही कळलं. पाण्याच्या निमित्तानं ते हॉलमधून गेले. मुठाच्या खांद्यावरचे केस विरळ झाले होते. कातडीवर पिवळट कोंडा धरला होता. मांडीच्या आतल्या बाजूला खाजवून रक्त काढलेलं होतं. खरूज. कातडीत बीळ करून राहणारा किडा, डोळ्यांना न दिसणारा. गवतातून येत नाही, हवेतून येत नाही, एका गिनीपिगकडून दुसरीकडे येतो. मुठा तो खराडीहूनच घेऊन आली होती. वेगळी ठेवली असती तर तिच्यापुरताच राहिला असता.

दीनानाथांनी पाणी प्यायलं, पेला विसळला आणि खोलीत जाऊन परत पेपर उघडला. सांगितलं होतं, तेव्हा लॅब दिसली. आता भोगा म्हणावं.

पुढचे पंधरा दिवस ते बघत राहिले. नीरजा धडपडत होती, हे कोणालाही दिसलं असतं. आधी तिला वाटलं की पंख्याच्या हवेनं कातडी कोरडी पडली, म्हणून खोबरेल लावलं. तेलानं कोंडा चिकटून त्याचं कवच झालं. मग मोबाइलवर वाचून तिनं नायट्याचं मलम आणलं. मग कडुलिंबाचा पाला उकळून दोघींना कोमट पाण्यानं आंघोळ घातली. मुठा त्या टबात अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला वर आल्या. आंघोळीनंतर दोघी दिवसभर कुडकुडत गवतात तोंड खुपसून बसल्या. दीनानाथ आपल्या खोलीच्या दारातून हे सगळं बघायचे. तेल नको, पाणी नको, आधी वजन कर आणि जाणत्या डॉक्टरकडे ने, एवढीच तीन वाक्यं होती. ती त्यांच्या जिभेवर यायची आणि मागोमाग खाटीक हा शब्द यायचा. मग ते दार लोटून घ्यायचे.

खरं तर नुसता रागही नव्हता. तिला चुकताना बघण्यात त्यांना गोडी वाटू लागली होती. सकाळी उठल्यावर आज ही काय नवं करते याची ते वाट बघायचे. आपल्याला असं वाटतंय हे त्यांना कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, पण लाज वाटली म्हणून गोडी कमी होत नव्हती.

आता मुळाही खाजवू लागली होती. आणि नीरजाच्या हातांवर, कोपराच्या आत, लाल पुटकुळ्या उठल्या.

ग्रुपवर संदेश आला: ‘माझ्या अंगावर चावल्याच्या खुणा आहेत. बाबांच्या खोलीतली जुनी कापसाची गादी उन्हात टाकावी. ढेकूण असण्याची शक्यता आहे.’

दीनानाथांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं: ‘माझी गादी स्वच्छ आहे. ढेकणांचा शोध आपल्या बाजूला घ्यावा.’

‘बाबा प्लीज. नीरजा प्लीज,’ असं पुष्करनं लिहिलं.

नीरजानं दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेल्यावर गादी गॅलरीत नेऊन टाकली. दीनानाथांनी ती परत आत आणली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. गादी मात्र दोन वेळा गॅलरीत गेली आणि दोन वेळा आत आली.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका मंगळवारी दीनानाथ दुपारचा चहा करायला उठले. नीरजाचा वर्ग चालू होता. तिच्या खोलीच्या बंद दारामागून जर्मन शब्द एकसुरात येत होते. जेवणाच्या टेबलावर औषधाची एक छोटी बाटली होती, शेजारी कापूस आणि दुकानाची पिशवी. दीनानाथांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि बाटली उजेडात धरली. गोचिडांचं औषध. मानेवर थेंब सोडायचे. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त कुत्र्यांसाठी. दहा ते वीस किलो वजनाच्या.

मुठाचं वजन तब्येत चांगली होती तेव्हा आठशे ग्रॅम असेल. आता खंगून सहाशे.

दीनानाथांना एवढ्याशा जीवावर हे काय करेल ते डोळ्यांपुढे दिसलं. प्रयोगशाळेत विषाचं प्रमाण ठरवायच्या चाचण्या असायच्या, त्यात त्यांनी ते सगळं तासातासानं वहीत लिहिलेलं होतं. आधी लाळ, मग थरथर.

दार ठोठावायला पाच पावलं चालावी लागली असती. ती नको असतील तर ग्रुपवर चार शब्द. फोन खिशातच होता. त्यांनी बाटली होती तशी ठेवली. ती शिकलेली आहे, वाचेल की. तीन-चार भाषा येतात, बाटलीवरचं वाचता येत नाही? त्यांनी चहा केला, उभ्यानं प्यायला, चपला घातल्या आणि नेहमीच्या वेळेपेक्षा पाऊण तास आधी फिरायला निघाले.

बागेत त्यांचा बाक ठरलेला होता. तिथे बसल्यावर त्यांनी फोन काढला आणि ग्रुप उघडला. ‘बाटलीवरचे’ एवढं लिहिलं. मग पुसलं. आता लिहिलं तर ती म्हणणार, तुम्हाला माहीत होतं तर इतके दिवस तोंड शिवलं होतं का?  गप्प बसण्याचंही असं असतं की जितके दिवस बसावं तितकं उठणं अवघड होतं. समोरच्या घसरगुंडीवर मुलं ओरडत होती. शेजारी दोन म्हातारे महानगरपालिकेला शिव्या घालत होते. दीनानाथही त्यांच्यात सामील झाले. एरवी तासाभरात उठायचे, त्या दिवशी अडीच तास बसले.

परत आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. नीरजा हॉलच्या फरशीवर बसली होती. मांडीवर ओलं फडकं आणि त्यावर मुठा. तिची मान एका बाजूला कलंडली होती, तोंडाभोवतीचे केस लाळेनं चिकटले होते. दीनानाथांना वाकून बघायची गरज नव्हती.

“केव्हा गेली?” त्यांनी विचारलं.

नीरजानं चमकून वर पाहिलं. जवळजवळ सव्वा महिन्यानं त्या आवाजातलं एक वाक्य तिच्यासाठी आलं होतं.

“दहा मिनिटं झाली.”

“मुळाला लावलंस का?”

“नाही. हिला आधी लावलं. हिचं जास्त होतं म्हणून. अर्ध्या तासानं लाळ गाळायला लागली. मी पुसलं, धुतलं, पण...” ती थांबली. “तीन डॉक्टरांना फोन केले. सगळे म्हणाले, आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो.”

“मुळाला लावू नकोस. ते कुत्र्याचं आहे.”

 मुठाला फडक्यात गुंडाळून तिनं बाजूला ठेवलं, उठली आणि टेबलापाशी गेली. बाटली तिथेच होती. बाटलीला टेकून दीनानाथांचा चष्मा होता.

“मी वर्गातून बाहेर आले तेव्हा हा इथे होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, चहा पिताना विसरलात. तुम्ही वाचत होतात.”

दीनानाथांचा हात उगाचच खिशाकडे गेला.

“वाचलंत आणि फिरायला गेलात.”

“तूही वाचायला हवं होतंस.”

“हो. मी वाचायला हवं होतं,” नीरजा म्हणाली. “दुकानदार म्हणाला, लहान जनावराला दोनच थेंब सोडा, चालतं. मी विश्वास ठेवला. मी मूर्ख आहे. पण मला माहीत नव्हतं, बाबा. तुम्हाला माहीत होतं. आणि हा आजार? तोही माहीत होता?”

खोटं बोलता आलं असतं. पण पंधरा दिवस ते याच प्रश्नाची वाट बघत होते, आणि उत्तर तोंडातून आपोआपच निघून गेलं. “पहिल्या दिवसापासून. खरूज आहे. तुझ्या हातावर आहे ते तिचंच, ढेकूण नाहीत.”

“मी तेल लावत होते. मी त्यांना उकळलेल्या पाल्यात बुचकळत होते, त्या किंचाळत होत्या, आणि तुम्ही दारात उभे होतात.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तुम्ही माणूस आहात का?”

“खाटीक आहे,” दीनानाथ म्हणाले. “तूच सांगितलंस की अकरा माणसांत.”

“खाटीक बरा. तो समोरून तरी मारतो.”

ते लागलं, खोल लागलं. दीनानाथ काही बोलणार तेवढ्यात पिंजऱ्यातून मुळाची किंचाळी आली. ती खाजवता खाजवता आडवी पडली होती. चारही पाय ताणले गेले होते, अंगाला झटके येत होते, डोळे उघडे. नीरजा धावली आणि हात आत घालणार, तोच दीनानाथ ओरडले.

“हात लावू नकोस! स्पर्शानं वाढतं. टॉवेल टाक पिंजऱ्यावर. पंखा बंद कर. आवाज नको.”

नीरजाचा हात हवेतच थांबला. त्या क्षणी तिनं त्यांच्याकडे जे पाहिलं, त्यात कृतज्ञता तीळभरही नव्हती. पण तिनं टॉवेल टाकला आणि पंखा बंद केला. मिनिटभरात झटके थांबले. मुळा धापा टाकत पडून राहिली.

“खाजेनंच येतात हे झटके,” दीनानाथ हळू म्हणाले. “फार वाढलं की. खडकीला डॉक्टर आहे एक. माझ्या अल्लाबक्षची मुलगी. आत्ता निघालो तर भेटेल.”

अल्लाबक्ष बागवान वीस वर्षं प्राणिगृहात दीनानाथांच्या हाताखाली होता. त्याची मुलगी अफशीन जनावरांची डॉक्टर झाली होती. खडकी बाजारात तिचा दवाखाना होता. ससे, पोपट, कासवं, जे इतरत्र कोणी बघायचं नाही ते तिच्याकडे यायचं. तिच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला दीनानाथ जाऊन आले होते. हा पत्ता ते गेले पंधरा दिवस खिशात घेऊन हिंडत होते.

रिक्षात दोघांच्या मध्ये मुळाचं खोकं होतं. होळकर पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. रिक्षावाला कर्कश हॉर्न वाजवायचा आणि दोघंही एकदम म्हणायची, “अहो, हॉर्न नको!” एकदम बोललो याचाही दोघांना राग आला. नीरजानं तोंड बाहेर फिरवलं.

अफशीननं मुळाला टेबलावर घेतलं नाही, खोक्यातच बघितलं. बोथट पात्यानं कातडीवरचा कोंडा थोडा खरवडला, काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. नीरजाला बोलावून तिनं दाखवलं. गोल अंगाचा, आखूड पायांचा किडा त्या उजेडात सावकाश हलत होता. नीरजा मागे सरकली.

“हे मलमानं जात नाही आणि आंघोळीनं तर नाहीच,” अफशीन म्हणाली. “वजनावर मोजून इंजेक्शन द्यावं लागतं. आज एक, मग दोन-दोन आठवड्यांनी आणखी दोन, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. ती फुटून निघालेले किडे पुढच्या वेळी मरतात. झटक्यांसाठी आज वेगळं औषध देते. पिंजरा रोज गरम पाण्यानं धुवायचा, आतलं लाकडी सामान टाकून द्यायचं. नखं मी कापते, म्हणजे खाजवून जखम करणार नाही. तुमच्या हातावरच्या पुटकुळ्या आपोआप जातील, माणसात हा किडा टिकत नाही. दुसरी गिनीपिग आहे का घरात?”

“होती,” नीरजा म्हणाली. मग तिनं बाटली काढून टेबलावर ठेवली.

अफशीननं बाटली वाचली आणि ओठ घट्ट मिटले. “हे यांच्यासाठी नाही. एवढ्या अशक्त जनावराला तर...” तिनं दीनानाथांकडे पाहिलं. “पण काका, तुम्ही घरात असताना? तुम्ही तर नुसता पाय आपटल्याचा आवाज ऐकून सांगायचात म्हणे. अब्बा आम्हाला सांगायचे, परचुरेसाहेब पेपर वाचता वाचता पिंजऱ्याचा नंबर सांगतात.”

 नीरजानं उत्तर दीनानाथांवर सोडलं.

“ओळखलं होतं,” दीनानाथ म्हणाले. “सांगितलं नाही.”

 हातातली सुई अफशीननं प्रकाशात धरून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मुळाच्या खांद्याजवळची कातडी हलकेच चिमटीत धरली. नंतर जाईपर्यंत ती फक्त नीरजाशीच बोलली. निघताना दीनानाथांनी अल्लाबक्षची तब्येत विचारली. “बरे आहेत,” एवढंच म्हणाली. घरी या, असं ती नेहमी म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

मुठाला नीरजानं सोसायटीच्या मागे बहाव्याखाली पुरलं. खड्डा तिनं एकटीनं खणला. दीनानाथ खुरपं घेऊन खाली आले, तेव्हा ती न बघता म्हणाली, “तुम्ही जवळ येऊ नका.” ते खुरपं घेऊन परत वर गेले. त्याच दिवशी तिनं खराडीच्या त्या बाईला कळवलं, की तुमच्याकडच्या गिनीपिगला खरूज होती, तुमचं जुनं सामान कोणाला देऊ नका. ग्रुपवर तिनं दोन ओळी लिहिल्या: ‘मुठा गेली. बाबांना आजार माहीत होता, औषध चुकीचं आहे हेही माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही.’ पुष्करनं यावेळी हात जोडले नाहीत. त्यानं वडिलांना फोन केला. “बाबा, हे खरं आहे?” दीनानाथ हो म्हणाले. पलीकडून फोन ठेवला गेला.

त्यानंतर घरातली शांतता वेगळी होती. आधीच्या शांततेत दोघंही आपापल्या बाजूनं बरोबर होते. आता दीनानाथांकडे बाजूच उरली नव्हती. नीरजा रोज सकाळी पिंजरा धुवायची. दीनानाथ न सांगता पाणी तापवून मोरीत ठेवायचे. पहिले दोन दिवस तिनं ते ओतून दिलं आणि स्वतः दुसरं तापवलं. तिसऱ्या दिवशी वर्गाला उशीर होत होता म्हणून वापरलं. त्यामुळे काही बदललं असं दीनानाथांनी मनात आणलं नाही. तेवढं त्यांना कळत होतं.

दुसऱ्या इंजेक्शनला ती एकटी गेली. तिसऱ्याच्या दिवशी तिच्या विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा होती. ग्रुपवर संदेश पडला: ‘मंगळवारी मुळाचं इंजेक्शन. मला जमणार नाही.’ कोणालाही उद्देशून नव्हता. दीनानाथांनी लिहिलं, ‘मी नेतो.’ एका तासानं उत्तर आलं: ‘परत आल्यावर डॉक्टरांशी मी स्वतः फोनवर बोलणार आहे.’

मंगळवारी रिक्षात खोकं मांडीवर घेऊन बसले असताना दीनानाथांनी झाकण थोडं उघडलं. मुळाच्या खांद्यावर नवे केस आले होते, आखूड, मऊ. तिनं नाक वर करून त्यांच्या बोटाचा वास घेतला आणि हातातलं कोथिंबिरीचं देठ ओढून नेलं. त्यांना वाटलं होतं की असल्या वेळी काहीतरी भरून येईल. तसं काही झालं नाही. फक्त एकतीस वर्षांत आपण एकालाही कधी हातानं खायला घातलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. खुराक खोऱ्यानं टाकायचा असे.

अफशीननं वजन केलं, खरवडून पाहिलं. काचेवर काही नव्हतं. “गेली खरूज,” ती म्हणाली. “वहिनींना सांगा.” काकांसाठी तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

डिसेंबरात नीरजा तीन आठवडे पुष्करकडे जायला निघाली. आदल्या दिवशी दीनानाथांना वाटलं, मुळा इथेच राहील. त्यांनी बाजारातून मेथी आणली, पिंजऱ्यात टाकायचं गवत उन्हात वाळवून ठेवलं. सकाळी खाली रिक्षा उभी राहिली तेव्हा नीरजानं आधी बॅग नेली, मग परत वर येऊन पिंजरा उचलला.

“ही कुठे?” दीनानाथांनी विचारलं.

“अफशीनकडे. वाटेत सोडते.”

दीनानाथ तिच्यामागोमाग जिना उतरले. पिंजरा जड होता. एक बाजू त्यांनी धरली आणि तिनं धरू दिली. रिक्षात पिंजरा नीट बसल्यावर ते दाराशी उभे राहिले. हे वाक्य त्यांनी महिनाभर मनात घोळवलं होतं. तरी निघालं ते वेगळंच.

“नीरजा, माझं चुकलं. त्या दिवशी पंगतीत बोललो तेही चुकलं. पण बाटली वाचून गेलो, त्याला चूक म्हणत नाहीत. मी माफी मागतो.”

नीरजा पर्स उघडून पासपोर्ट आहे ना ते बघत होती. पर्स बंद करून तिनं पहिल्यांदाच सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“खाटीक म्हणाले, ते मी मागे घेते,” ती म्हणाली. “तुमची नोकरी होती ती. मला तो अधिकार नव्हता. बाकीचं मी ऐकलं. पण बरं वाटलं नाही ऐकून. माफ करता येईल असंही वाटत नाही. मुळाला तुमच्यापाशी मी ठेवणार नाही, बाबा. आज नाही, परत आल्यावरही नाही.”

“बरोबर आहे तुझं,” दीनानाथ म्हणाले.

“पुष्कर आला की आम्ही वेगळी जागा बघणार आहोत. तो सांगेलच. माझ्याकडून कळावं म्हणून सांगितलं.”

त्यांनी मान हलवली. रिक्षावाल्यानं मीटर टाकलं. आतून मुळानं शिट्टी मारली, बहुधा मेथीचा वास त्यांच्या हाताला होता म्हणून. रिक्षा फाटकाबाहेर वळली आणि एअरपोर्टच्या रस्त्याला न लागता खडकीच्या दिशेनं गेली.